महाअंतिम सोहळ्याची ती रात्र : सातारा-सांगलीकरांनो, तुमचा अनुभव लिहा

८ जानेवारी २०२३ च्या रात्री आमच्या घरातला टीव्ही निकालाआधीच बंद झाला. 'बिग बॉस मराठी'च्या चौथ्या पर्वाचा महाअंतिम सोहळा चालू होता आणि तिघेच उरले होते. अक्षय केळकर, अपूर्वा नेमळेकर आणि आमचे किरण माने. शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत त्या दिवसांत त्यांना नावानं कुणी हाक मारत नव्हतं, सगळे 'सातारचा बच्चन' म्हणायचे. तिसऱ्या क्रमांकाला त्यांचं नाव आलं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, उठल्या, रिमोट घेतला, टीव्ही बंद केला आणि म्हणाल्या, "आता कुणी का जिंकंना. पानं घ्या." त्या रात्री पिठलं तसंच उरलं. ह्यांनी मोरीत जाऊन मोबाईलवर बघितलं की अक्षय जिंकला. आत्यांना सांगायची हिंमत सकाळी चहाच्या वेळी झाली.

आत्यांनी शंभर दिवसांत एकही भाग चुकवला नव्हता. जेवायची वेळ बदलली, भजनाला जायचा वार बदलला. मी एकदा विचारलं, एवढं काय आहे त्यात? त्या म्हणाल्या, "अगं, टीव्हीत आपल्यासारखं बोलणारं माणूस एकतर गडी असतं न्हायतर हसवायला असतं. हा आपल्या बोलीत भांडतोय, रुसतोय, रडतोय." हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. मी साताऱ्यातच जन्मले, पण बाहेर गेले की 'व्हय'चं 'हो' करते.

म्हणून हा धागा काढते आहे. कार्यक्रम कुठलाही असो, गाण्याचा, नाचाचा किंवा घरात कोंडून ठेवायचा, आणि साल कुठलंही असो. निकाल लागला तेव्हा तुम्ही कुठे होतात, सोबत कोण होतं, काय झालं ते लिहा. सगळं आधीच ठरलेलं असतं, हा वाद इथे नको. आमच्या घरातलं उरलेलं पिठलं कुणी ठरवलेलं नव्हतं.

विटा (सध्या तमिळनाडूत)

ताई, बरं झालं विचारलंत. मी गलाईवाला. आमच्या विटा-खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली आहेत हे इथल्यांना सांगायला नको. २६ डिसेंबर २०२१, रविवार. 'बिग बॉस मराठी'च्या तिसऱ्या पर्वाचा शेवटचा दिवस, आणि शेवटच्या दोघांत आमच्या खानापूर तालुक्यातल्या देविखिंडीचा विशाल निकम. दुसरा जय दुधाणे.

इकडच्या केबलवर मराठी वाहिनी दिसत नाही. आम्ही पाच जण दुकानाच्या मागच्या खोलीत, दिवसभराच्या तेजाबाच्या वासात, एका मोबाईलवर वूट ॲप लावून बसलो होतो. मोबाईल सोनं वितळवायच्या रिकाम्या मुशीला टेकवून उभा केलेला. पाचांतले दोघे गेले दोन वर्षं गावाला गेले नव्हते. लॉकडाऊनमध्ये गाड्या बंद, नंतर धंद्याचं नुकसान भरून काढायचं म्हणून सुट्टी नाही.

रेंज अशी की चित्र अडकायचं, फिरायचं, परत अडकायचं. महेश मांजरेकरांनी दोघांना जवळ घेतलं आणि तिथंच ते चक्र फिरायला लागलं. तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. मी उचलला. तो काही बोललाच नाही. त्यानं फोन नुसता हवेत धरला होता. फटाक्यांची माळ, त्यात कुणाची तरी शिट्टी, आणि आमच्याच आळीतल्या म्हाताऱ्याचा ओळखू येणारा खोकला. आम्ही स्पीकर लावून ऐकत राहिलो. पाच मिनिटांनी मोबाईलवरचं चित्र सुरू झालं, विशालचा हात वर गेला, तोवर आमच्यातला सगळ्यात थोरला डोळे पुसून चूळ भरायला बाहेर गेला होता.

२० लाख त्याला मिळाले. पण त्या रात्री 'विटा' हा शब्द टीव्हीवर आला, की मला शेजारच्या तमिळ दुकानदाराला सांगता आलं, बघा, तिथला मी.

कराड

मी सातारा जिल्ह्याची, तरी त्या वेळी मत अपूर्वाला दिलं. घरी अजून सांगितलेलं नाही. ती चिडायची, तोंडावर बोलायची आणि मग एकटी बसायची. मी तशीच आहे. माझ्या माहेरी त्याला आगाऊपणा म्हणतात. ती दुसरी आली तेव्हा सगळं घर मानेंसाठी हळहळत होतं आणि मी तिच्यासाठी. आपलं माणूस म्हणजे नेहमी आपल्या गावचंच असतं असं नाही.

मिरज

फार जुनी आठवण. फेब्रुवारी २००९, 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'. आमच्या घरी पिढीजात तंतुवाद्यांचं काम, वडील तंबोरे करायचे. मी तेव्हा दहा वर्षांची, गाणं शिकत होते आणि आर्या आंबेकर माझी देवी होती. ती लावते तशी टिकली, तशी वेणी. वडील कार्तिकी गायकवाडच्या बाजूचे, आई रोहित राऊतच्या. प्रथमेश लघाटे आणि मुग्धा वैशंपायन यांना आमच्याकडे वालीच नव्हता, म्हणून आजीनं ते दोघे घेतले.

भारनियमनाचे दिवस. आपल्या भागात लाइट नसली तर काय, म्हणून वडिलांनी दुपारीच शेजारच्या इन्व्हर्टरवाल्या काकांकडे सांगून ठेवलं होतं. लाइट गेली नाही, पण आम्ही तिथंच बसलो. सतरंजीवर चौदा माणसं.

कार्तिकीचं नाव आलं आणि मी तोंड झाकून रडले. वडिलांना राग येईल असं वाटलं होतं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मला दुकानात नेलं. एका नव्या तंबोऱ्याची जवारी लावायची होती. तार आणि घोडी यांच्या मध्ये सुताचा बारीक दोरा सरकवायचा असतो. एक केसभर इकडे झाला तर आवाज मुका, केसभर तिकडे झाला तर नुसती खरखर. मग एका ठिकाणी तो बसतो आणि तार आपोआप गुंजायला लागते. तो दोरा त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आता त्या आळंदीच्या पोरीनं वरचा सूर कसा घेतला ते म्हणून दाखव." मला येईना. तिचा उघडा, कीर्तनाच्या फडातला आवाज माझ्या गळ्यात बसेना. "मग आर्याचं म्हण." ते थोडं आलं. ते मान खाली घालून ऐकत होते, दोरा सरकवायचं मला खुणेनं सांगत होते. कोण चांगलं, कोण वाईट, एक शब्दही बोलले नाहीत.

वडील आता नाहीत. मी गाणं पुढे केलं नाही. पण जवारी मला लावता येते.

फलटण

आमच्या आईची गोष्ट सांगतो. सूरज चव्हाणचं मोढवे गाव नीरेपलीकडं, बारामती तालुक्यात, म्हणजे जिल्हा पुणे. पण आम्हाला तो परका कधी वाटला नाही. आई-वडील लहानपणीच गेलेले, बहिणींनी सांभाळलेला.

आईला लिहिता-वाचता येत नाही. टीव्हीवर ती शक्यतो देवादिकांच्या मालिका बघते. २०२४ मध्ये 'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या पर्वात बहिणीनं तिला बळंच बसवलं, आणि सूरजला बघितल्यावर ती उठलीच नाही. त्याचं 'झापुक झुपूक' म्हणायला लागली की आम्हाला हसू यायचं, तिला नाही. ती ते मनापासून म्हणायची.

शेवटच्या आठवड्यात तिनं हट्ट धरला, मत मी स्वतः देणार. जिओ सिनेमावर फोटो असतात, त्यामुळं वाचायची अडचण नव्हती. अडचण वेगळीच निघाली. आयुष्यभर खुरपून आणि कडबा बांधून तिच्या बोटांची कातडी अशी झाली आहे की मोबाईलला तिचा स्पर्शच कळत नव्हता. ती दाबायची, काही व्हायचं नाही. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट. पदराला पुसून, फुंकर मारून, पाणी लावून. मी म्हटलं, मम्मी, मी दाबतो. "नगं. त्याला माझं ग्येलं पायजे." शेवटी करंगळीनं जमलं. करंगळीला काम कमी असतं. त्यानंतर रोज न्याहारीआधी ती करंगळी पुढं करूनच माझ्याकडं यायची.

६ ऑक्टोबर, रविवार, नवरात्राची चौथी माळ. आईचे नऊ दिवस उपवास आणि अनवाणी. जान्हवी खेळ सोडायचे ९ लाख घेऊन बाहेर पडली, मग अंकिता, मग धनंजय पोवार, मग निक्की. सूरज आणि अभिजीत सावंत उरले. रितेश देशमुख दोघांचे हात धरून उभे, आणि आई उठून घटाजवळ गेली. समईत तेल कमी झालंय म्हणाली. कमी झालेलं नव्हतं, मी बघितलं होतं. पाठमोरी उभी राहून ती बुधलीतून थेंब थेंब तेल सोडत होती. आम्ही ओरडलो. तिनं मागं न बघता विचारलं, "कुणाचा हात वर केला रं?" सूरजचा, म्हटल्यावर तिनं बुधली खाली ठेवली आणि आधी देवीला हात जोडले.

मग बसली आणि विचारात पडली. किती मिळणार? १४ लाख ६० हजार. "त्याला मोजून कोण देणार? अडाणी पोरगं, कुणी फसवंल." पुढचे चार दिवस ती हेच बोलत होती.

तासगाव

फलटणच्या दादांच्या आईंना नमस्कार. तरी माझं मनातलं लिहितो, कारण त्याच रात्री आमच्याकडे कुणी जेवलं नव्हतं.

५ मार्च २००५ ला मी सांगलीत कॉलेजला होतो, विश्रामबागेत चौघांची खोली. 'इंडियन आयडॉल'चं पहिलंच पर्व, शेवटी भिलाईचा अमित साना आणि मुंबईचा आपला अभिजीत सावंत. मत द्यायचा एसेमेस महाग असायचा. महिन्याअखेर आम्ही मेसच्या पैशातून रिचार्ज मारलं आणि आठवडाभर रात्री वडापाववर काढली. तो जिंकला तेव्हा खालच्या मजल्यावरचे घरमालक जिना चढून पेढे घेऊन आले. तोवर ते आमच्याशी फक्त भाड्यापुरतं बोलायचे.

एकोणीस वर्षांनी तोच माणूस परत अंतिम फेरीत. द्राक्षबागेत फळछाटणी चालू, दिवसभर काडीला पेस्ट लावून घेताना मजुरांच्या मागं उभं राहून पाय भरून आलेले, तरी बसलो. अख्ख्या पर्वात त्या माणसानं आवाज चढवला की उतरवून घेतला. मला तो खेळ जास्त अवघड वाटतो. सूरजबद्दल मनात वाकडं नाही, पण गरिबी बघून मत द्यायचं की खेळ बघून, हा प्रश्न मला त्या रात्रीपासून सुटलेला नाही. शंभर दिवसांचं म्हणून पर्व सत्तर दिवसांत गुंडाळलं, याचाही राग आहे. तीस दिवस आणखी मिळाले असते तर कोण जाणे.

फलटण

दादा, तुमचा राग कळतो. पण एक सांगतो. आमची आई बँकेत गेली की 'चष्मा घरी राहिला' म्हणते आणि शेजारच्या माणसाकडून स्लिप भरून घेते. तिला चष्मा नाहीच. एवढी वर्षं ती ही लाज लपवत आली आहे. सूरजनं सगळ्या महाराष्ट्रासमोर सांगितलं, मला नीट वाचता येत नाही. आई त्या दिवशी माझ्याकडं बघून म्हणाली, "सांगितलं की रं त्यानं." तिनं मत गरिबीला दिलं नाही.

तासगाव

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आईंना माझ्याकडून सांगा, पुढच्या हंगामात द्राक्षं पाठवतो.

मिरज, रुग्णालयात नर्स

मी त्या रात्री ड्युटीवर होते, त्यामुळं अंतिम सोहळा तुकड्यातुकड्यांत बघितला. बाहेर बाकावर नातेवाइकांनी मोबाईल लावलेला, मी सलाईन बदलायला जाता-येता मान वाकडी करायची. वॉर्डात इचलकरंजीकडचे एक काका होते, यंत्रमागावर काम करणारे, हाताचं ऑपरेशन झालेलं. ते धनंजय पोवारांचे, 'आमचा डीपी' म्हणायचे. त्यांना आवाज नको, झोप हवी, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणून बाकावरच्या मोबाईलचा आवाज मीच बंद करायला लावला होता.

डीपी चौथे आले. काका झोपेच्या औषधात. जावयानं मला दारातच थांबवून सांगितलं, सिस्टर, एवढ्यात सांगू नका.

पहाटे चारला इंजेक्शन द्यायला गेले तर काका जागे. पहिलाच प्रश्न, "लागला का निकाल?" मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, चौथा नंबर काका. ते वर पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "किती जण होते सुरुवातीला?" मी म्हटलं, नक्की आठवत नाही, पंधरा-सोळा तरी असतील. त्यांनी चांगल्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजलं आणि तोच हात माझ्यापुढे केला. "टोचा."