शब्द हवाय: ग्राइंडिंगचा दगड धरून ठेवणाऱ्या त्या पार्टला मराठीत काय म्हणायचं?

वाचनवेडी_नाशिकरोड
नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटसाठी मशीनच्या मॅन्युअलचं मराठी करतेय. सरफेस ग्राइंडर (सपाट पृष्ठभाग घासून गुळगुळीत करणारं मशीन) आणि दोन-तीन इतर ग्राइंडर आहेत. त्यात 'व्हील चक' असा शब्द सारखा येतो आणि पुढे अर्थ दिलाय की ग्राइंडिंग व्हील पक्कं धरून ठेवणारी क्लॅम्पिंगची रचना. कोशाच्या पद्धतीने जोडायचं तर 'घर्षणचक्र-धारक' होईल पण तिथले सुपरवायझर म्हणाले, ताई हे पोरांना वाचून दाखवलं तर चहाच्या सुट्टीपर्यंत हसत बसतील. शिकंजा, पकड, चक, यातलं काय चालेल? यातला काही मजकूर भिंतीवर सूचना म्हणून पण लागणारे, म्हणून विचारतेय.

दोन_शिफ्ट
पकड लिहू नका हो. पोरगं जाऊन टूलबॉक्समधून पकड घेऊन येईल.

गोदाकाठ
छान विषय काढलात. आपल्याकडे या कामाचे जुने शब्द आहेत की. धार लावायच्या दगडाला निसणा म्हणतात, आणि शिकलगार, म्हणजे धार लावणारे लोक, जे फिरतं चाक वापरायचे, लाख आणि कुरुंदाची पूड एकत्र करून केलेलं, ती सराण. 'सराणेवर लावणे' असं म्हणायचे. आणि कुरुंद हा शब्द तर इंग्रजांनी आपल्या दक्षिणेतून उचललाय, तमिळ कुरुंदम् वरून त्यांचं कोरंडम झालं. म्हणजे आज सातपूरच्या प्रत्येक टूलरूममध्ये फिरणारा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा दगड हा रसायनाने बघितलं तर कुरुंदच आहे, फक्त भट्टीत केलेला. मग व्हीलला सराण आणि ते धरणाऱ्याला 'सराणधर' का म्हणू नये? ऐकायला किती गोड.

दोन_शिफ्ट
काका गोड आहे पण स्टोअरला सराणधर मागितला तर स्टोअरवाला भजनाचं सामान शोधेल.

आयटीआय_सिग्नल
ताई, आधी एक सांगा, मॅन्युअलमध्ये ज्या पानावर 'व्हील चक' आहे तिथलं चित्र कसं आहे? कारण शब्दाचा घोळ इथेच आहे. दगड धरायच्या रचना चार-पाच प्रकारच्या असतात आणि शॉपमध्ये प्रत्येकीला वेगळं नाव आहे, सगळ्यांना मिळून एक नाव कोणी वापरत नाही कारण तशी गरजच पडत नाही.

सगळ्यात साधी म्हणजे फ्लँज, दगडाला बाजूने टेकणारी गोल प्लेट. बेंच ग्राइंडर घ्या. स्पिंडलवर (मोटरने फिरणाऱ्या दांड्यावर) आतली फ्लँज, मग दगड, मग बाहेरची फ्लँज, मग नट. इथे दगडाला कोणी 'पकडत' नाही, दोन बाजूंनी दाबून ठेवलेलं असतं एवढंच. दगडाचं भोक स्पिंडलवर सहज सरकलं पाहिजे, ठोकून बसवायचा नाही, बसत नसेल तर तो दगड त्या मशीनचा नाहीच. फ्लँजचा आतला भाग मुद्दाम खोलगट केलेला असतो, म्हणजे ती फक्त कडेच्या रिंगवर टेकते आणि भोकाजवळ, जिथे दगड सगळ्यात नाजूक, तिथे दाब येत नाही. दोन्ही फ्लँज एकाच मापाच्या हव्यात आणि व्यास दगडाच्या निदान एक तृतीयांश हवा. २०० मिमीचा दगड असेल तर ६७ मिमीच्या आसपास किंवा जास्त. एका बाजूला मोठी आणि दुसऱ्या बाजूला हरवली म्हणून साधा वॉशर, असं केलं की दगड वाकवल्यासारखा ताण येतो, आणि दगड वाकत नाही, तो फुटतो. मधे तो जाडसर कागदाचा गोल असतो ना ज्यावर कंपनीचं लेबल छापलेलं असतं, तो ब्लॉटर. पोरं तो नखाने खरवडून काढतात, घाण दिसतो म्हणून. काढायचा नाही. दगडाचा खडबडीतपणा तोच खातो आणि दाब सगळीकडे सारखा बसतो.

दुसरा प्रकार सरफेस आणि सिलिंड्रिकल ग्राइंडरवर. तिथे दगड आधी एका टेपरच्या (निमुळत्या) हबवर बसतो, आम्ही अडॅप्टर म्हणतो, काही जण व्हील हब म्हणतात, आणि मग तो अख्खा अडॅप्टर दगडासकट स्पिंडलच्या टेपरवर चढतो. काढताना पुलर लावावा लागतो. या अडॅप्टरच्या तोंडावर गोल खाच असते आणि त्यात सरकणारी छोटी वजनं असतात, बॅलन्सिंगसाठी.

तिसरा प्रकार, ज्याला खरोखर चक म्हणतात, तो उभ्या स्पिंडलच्या मोठ्या मशीनवर, जिथे टेबल गोल फिरतं. तिथे अख्खा दगड नसतोच, त्याचे जाड तुकडे असतात, सेगमेंट, आणि ते वेज (पाचर) आणि स्क्रूने गोलात आवळलेले असतात. तो सेगमेंट चक. झिजले तसे तुकडे खाली सरकवून परत आवळायचे.

चौथं म्हणजे डाय ग्राइंडरचं, म्हणजे हातात धरायच्या छोट्या ग्राइंडरचं कोलेट, दांडी आवळून धरणारी चिरलेली नळी. ३ किंवा ६ मिमी दांडीचा छोटा दगड, माउंटेड पॉइंट, त्याची दांडी कोलेटमध्ये. हीच एक जागा जिथे 'पकड' शब्द अर्थाने बरोबर बसतो.

आता मॅन्युअल कोणत्या देशातून आलंय त्यावर ते लोक या सगळ्याला 'व्हील चक' म्हणून मोकळे होतात. पण आपल्याकडे सरफेस ग्राइंडरवर 'चक' म्हटलं की माणूस मॅग्नेटिक चककडे बघतो, ज्यावर जॉब (घासायची वस्तू) चिकटतो. 'चक सैल करा' असं भिंतीवर लिहिलं तर मॅग्नेट ऑफ करेल तो. म्हणून म्हणतो चित्र बघा.

वाचनवेडी_नाशिकरोड
बापरे, धन्यवाद दादा. चित्र बघितलं. सरफेस ग्राइंडरच्या पानावर तेच तुमचं अडॅप्टर आहे, खाचेत तीन वजनं दिसताहेत. बेंच ग्राइंडरच्या पानावर दोन चकत्या आणि नट. दोन्हीकडे शब्द मात्र एकच वापरलाय त्यांनी.

गोदाकाठ
चकत्या! बघा, ताईंच्या तोंडून आपोआप आला. मग फ्लँजला 'दाबचकती' म्हणा. दाबते पण, चकती पण आहे. सराणधर मागे घेतो.

आडगावनाका
दाबचकती खरंच वाईट नाही. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश चाळले की असे नीट घडवलेले शब्द बरेच सापडतात, आणि काही रुळलेत पण. पण मला वाटतं मशीनवरच्या माणसासाठी लिहिताना नियम उलटा लावावा, तो ज्या नावाने वस्तू मागतो तेच नाव छापावं. आता 'आटे' बघा, थ्रेडला कोणी दुसरा शब्द वापरत नाही, शॉपमध्ये सुद्धा आटेच म्हणतात, इंजिनिअर पण म्हणतो आटे गेले. पान्ह्याचं तसंच. जिथे मराठी शब्द कामावर जिवंत आहे तिथे तो हक्काने वापरा, जिथे फ्लँज जिवंत आहे तिथे फ्लँज. वर्णन करताना एकदा 'दाबून धरणाऱ्या चकत्या, म्हणजे फ्लँज' असं लिहिलं की नवशिक्यालाही कळतं आणि जुन्यालाही.

दोन_शिफ्ट
+१. आणि व्हीलला पण 'दगड' लिहा बिनधास्त. डिलिव्हरी चलनवर ग्राइंडिंग व्हील असतं पण तोंडात दगडच. दगड बदल, दगड ड्रेस कर, दगडाला डायमंड मार (म्हणजे हिऱ्याच्या टोकाने वरचा थर काढून दगड ताजा कर).

द्राक्षवाला_निफाड
मी शॉपवाला नाही शेतकरी आहे पण शंका विचारतो. ऑक्टोबर छाटणीच्या आधी आमच्याकडे सगळ्यांचे सिकेटर धारेला निघतात. घरी हँड ग्राइंडर आहे ४ इंची. त्याची डिस्क धरणारी ती दोन भोकांची गोल नट, तिला काय म्हणतात? ती हरवली आणि दुकानात नाव सांगता येईना, रविवार कारंजाला दोन दुकानं फिरलो, शेवटी मशीनच उचलून नेलं. आणि धार त्यावर लावली तर चालते का, कारण मागच्या वेळी पातं निळं पडलं.

आयटीआय_सिग्नल
भाऊ, तिला बाहेरची फ्लँज किंवा फ्लँज नट म्हणा, आणि ती खोलायची चावी म्हणजे टू पिन चावी. आतली पण एक फ्लँज असते, डिस्कचं भोक तिच्या उंचवट्यावर बसतं, ती उलटी बसली तर डिस्क डगडगते. ४ इंचीचं भोक १६ मिमी असतं, दुकानात ते सांगा.

धारेचं म्हणाल तर पातं निळं पडलं म्हणजे तेवढ्या जागेचं पाणी उतरलं, ती जागा आता मऊ, धार टिकणार नाही. कटिंगची पातळ डिस्क तर धारेला अजिबात लावू नका, ती फक्त काठाने कापायला केलेली आहे, बाजूने दाबली की तुटते. गार्ड काढून मोठी डिस्क बसवायची हौस काहींना असते, ती पण नको. डिस्कवर छापलेला स्पीड मशीनच्या स्पीडपेक्षा जास्त असला पाहिजे, आणि मोठी डिस्क तेवढ्याच आरपीएमवर फिरवली की काठाचा वेग वाढतो. सिकेटरला हातातला ऑइलस्टोन बरा, फक्त उताराच्या बाजूने, सपाट बाजू घासत बसू नका.

द्राक्षवाला_निफाड
आभारी आहे. आमच्याकडे ऑइलस्टोनला म्हातारी माणसं निसणाच म्हणतात अजून, काकांनी वर लिहिलं ते बरोबर आहे.

गोदाकाठ
🙏 निदान एक शब्द तरी वाचला.

वाचनवेडी_नाशिकरोड
आता भिंतीवरच्या सूचनेचं. फॅक्टरीज ॲक्टमध्ये काही लिहावंच लागतं असं ऐकलंय, ते काय?

आडगावनाका
कारखाने अधिनियम १९४८, कलम ३०, पण तो अधिनियम आता नाही, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी संहिता आलीय. जुन्या कलमात असं होतं: ग्राइंडिंग चालतं तिथे प्रत्येक मशीनजवळ सूचना लावावी लागायची, दगडाचा जास्तीत जास्त सुरक्षित परिघीय वेग, ज्या स्पिंडलवर तो बसवलाय त्याचा वेग, आणि त्या वेगासाठी लागणाऱ्या पुलीचा व्यास. 'परिघीय वेग' हा शब्द मला ठीक वाटतो, पण खाली 'काठाचा वेग' असं पण लिहा, कारण खूप लोक आरपीएम आणि हा वेग एकच समजतात.

आयटीआय_सिग्नल
हो ते फार महत्त्वाचं आहे. हिशोब सोपा आहे, ताई उदाहरण म्हणून टाकू शकता. २०० मिमीचा दगड २८०० आरपीएमवर फिरतोय तर काठाचा वेग होतो साधारण २९ मीटर प्रति सेकंद. साध्या व्हिट्रिफाइड (भट्टीत भाजून बांधलेल्या) दगडावर ३३ किंवा ३५ छापलेलं असतं बऱ्याचदा, म्हणजे चालेल. तोच स्पिंडल आणि दगड २५० चा लावला तर वेग ३६ च्या पुढे गेला. आरपीएम तेवढाच, मशीन तेच, पण आता दगड त्याच्या मर्यादेबाहेर.

आणि दगड बसवायच्या आधीची वाजवून बघायची पायरी सूचनेत असू द्या. रिंग टेस्ट म्हणतात. बाजारात मडकं घेताना कसं वाजवून घेतो तसंच. हलका दगड भोकात बोट किंवा दांडी घालून टांगायचा, जड असेल तर उभा टेकवायचा, कोरडा पाहिजे, आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने काठापासून इंच-दोन इंच आत, मधल्या उभ्या रेषेपासून ४५ अंशाला हळू टकटक. मग थोडा फिरवून परत. चांगला असेल तर खणखणीत वाजतो, तडा असेल तर बद्द. बद्द वाजला की बाजूला ठेवायचा नाही, तोडूनच टाकायचा, नाहीतर दुसऱ्या शिफ्टला कोणीतरी तोच चढवतो. रेझिन बाँडचा (राळेने बांधलेला) दगड मुळातच थोडा दबका वाजतो, तेवढं ध्यानात ठेवा.

दोन_शिफ्ट
दुसऱ्या शिफ्टला का बरं, पहिलीवाले काय संत आहेत का 😀 पण एक मुद्दा राहिला. बेंच ग्राइंडरच्या डाव्या बाजूच्या नटला उलटे आटे असतात. नवीन पोरगं पान्हा लावतं, सैल करायला जातं, ती अजून आवळत जाते, मग पान्ह्यावर पाइप चढवून लोंबकळतं. फ्लँज तिरकी होते, दगडाला ताण बसतो. उलटे का ठेवलेत हे पण लिहा, दगड ज्या दिशेला फिरतो त्याच्या उलट दिशेला नट आवळली गेली पाहिजे म्हणजे ती चालता चालता सुटत नाही. कारण कळलं की लक्षात राहतं.

वाचनवेडी_नाशिकरोड
अडॅप्टरच्या वजनांना काय लिहू? मॅन्युअलमध्ये वाक्य आहे की ड्रेसिंगनंतर वजनं परत जुळवा.

आयटीआय_सिग्नल
'बॅलन्सिंगची वजनं' लिहा, सगळे तेच म्हणतात. अडॅप्टर दगडासकट आर्बरवर (सरळ दांड्यावर) घालून स्टँडच्या दोन पट्ट्यांवर ठेवतात, जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते, तिथे खडूने खूण, आणि वजनं सरकवत जायचं जोपर्यंत दगड कसाही ठेवला तरी आहे तिथेच राहतो. नवीन दगड एकदा बॅलन्स करून, चढवून, ड्रेस करून, काढून परत बॅलन्स करतात. आणि हे बहुतेक मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात असतं पण तुम्ही मोठ्यात लिहा, सुट्टीला मशीन बंद करताना आधी कूलंट (दगडावर सोडलेलं थंड करायचं पाणी) बंद करायचा आणि दगड थोडा वेळ नुसता फिरू द्यायचा. नाहीतर ओला दगड उभा राहतो, पाणी खालच्या अर्ध्यात उतरतं आणि सकाळी चालू केलं की तो थरथरतो, जॉबवर चॅटर मार्क (थरथरीच्या रेघा) येतात आणि शिव्या बेअरिंगला बसतात.

वाचनवेडी_नाशिकरोड
बरं, तर असं करतेय. सरफेसच्या पानावर 'व्हील अडॅप्टर', बेंचच्या पानावर पहिल्यांदा 'दगड दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चकत्या, म्हणजे फ्लँज' आणि पुढे नुसतं फ्लँज. भिंतीवर: "दगड बसवण्याआधी वाजवून बघा. बद्द वाजला तर तोडून टाका. दोन्ही फ्लँज एकाच मापाच्या लावा. कागदी ब्लॉटर काढू नका. डाव्या नटला उलटे आटे आहेत. गार्ड लावूनच चालू करा, पहिला एक मिनिट दगडासमोर उभे राहू नका." चक शब्द फक्त मॅग्नेटिक चकसाठी ठेवतेय.

दोन_शिफ्ट
एक नंबर. फक्त 'नट' बाई आहे की बुवा ते ठरवून घ्या, मी वर नटला बाई केलीय आणि आमचा फोरमन नट सैल 'केला' म्हणतो.

आडगावनाका
छापताना पुल्लिंगीच ठेवा ताई, शासनाच्या पुस्तकात पण तसाच येतो. बोलताना काय वाट्टेल ते.