सुट्टीच्या दिवशीच सौर इन्व्हर्टर का बंद पडतो? (आणि प्रबंधाचा विषय कोणता घ्यावा?)

प्रश्न : ताणाबाणा (सोलापूर)

नमस्कार. मी सोलापुरात एम. टेक.च्या दुसऱ्या वर्षाला असून पॉवर इलेक्ट्रॉनिक्स हा माझा अभ्यासविषय आहे. अक्कलकोट रस्त्यालगत आमच्या घरचा टॉवेल विणण्याचा छोटा यंत्रमाग कारखाना आहे. त्याच्या छपरावर ५ किलोवॅटची सौर यंत्रणा नेट मीटरिंगने जोडलेली आहे. कारखान्याची जोडणी थ्री-फेज असली तरी इन्व्हर्टर सिंगल-फेज आहे आणि डीपी (वितरण रोहित्र) आमच्यापासून साधारण ३०० मीटर अंतरावर आहे.

माग चालू असतात त्या दिवशी इन्व्हर्टर दिवसभर सुरळीत चालतो. सुट्टीच्या दिवशी मात्र ऊन चढले की पडद्यावर वीजदाब जास्त झाल्याचा संदेश येतो, इन्व्हर्टर वाहिनीपासून तुटतो, थोड्या वेळाने आपोआप जोडला जातो आणि पुन्हा तुटतो. दुपार कलेपर्यंत हे असेच चालते. यंत्रणा बसवणाऱ्यांनी वीजदाबाची वरची मर्यादा इन्व्हर्टरमध्ये वाढवून देण्याची तयारी दाखवली आहे, परंतु तो उपाय मला पटत नाही.

दुसरा प्रश्न प्रबंधाचा आहे. मार्गदर्शकांनी मागाच्या कंपनांतून वीज मिळवून त्यावर बिनबॅटरीचा सेन्सर चालवण्याचा विषय सुचवला आहे. मला स्वतःला इन्व्हर्टरचा विषय जवळचा वाटतो, पण त्यात नवीन काही उरले आहे का, याची खात्री नाही. जाणकारांनी दोन्हींविषयी मत द्यावे, ही विनंती.

उत्तर : रोहित्र

मी आयुष्यभर वितरणाच्या कामात होतो, म्हणून पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. तुमचा इन्व्हर्टर बिघडलेला नाही. तो नियमाप्रमाणे वागत आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या तांत्रिक मानकांनुसार, वाहिनीला जोडलेल्या अशा यंत्रणेने वीजदाब नाममात्र मूल्याच्या ११० टक्क्यांवर गेल्यास दोन सेकंदांच्या आत बाजूला व्हायचे असते आणि वीजपुरवठा स्थिरावल्यावर किमान ६० सेकंद थांबून मगच परत जोडले जायचे असते. २३० व्होल्टच्या ११० टक्के म्हणजे २५३ व्होल्ट.

आता डीपीकडे पाहा. आपल्याकडील वितरण रोहित्राच्या पाटीवर ११ केव्ही/४३३ व्होल्ट असे लिहिलेले असते. ४३३ व्होल्ट हा दोन फेजमधला, भार नसतानाचा दाब आहे; फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये तो २५० व्होल्ट होतो. पूर्ण भारावर रोहित्रात आणि वाहिनीत जी घट होते ती भरून निघून ग्राहकाला २३० च्या आसपास दाब मिळावा, या हिशेबाने तो मुद्दाम चढा ठेवलेला असतो. वीज एकाच दिशेने, डीपीकडून ग्राहकाकडे वाहत होती, त्या काळी या हिशेबात काहीच गैर नव्हते. परंतु सुट्टीच्या दिवशी तुमचेच नव्हे तर आजूबाजूचेही माग थांबलेले असतात, घट जवळजवळ होत नाही, आणि ११ केव्हीची बाजू खरोखरच ११ केव्ही असेल तर तुमच्या मर्यादेपर्यंत जेमतेम ३ व्होल्ट उरतात.

त्यात तुमची वीज उलट दिशेने निघते. वाहिनीची तार ‘वीझल’ वर्गातली आहे असे धरू. तिचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९१ ओहम असतो. ५ किलोवॅट एका फेजवर म्हणजे जवळपास २२ ॲम्पिअर, आणि हा प्रवाह फेजमधून जाऊन न्यूट्रलमधून परततो, म्हणून ६०० मीटर तारेचा रोध धरायचा : सुमारे ०.५५ ओहम. दाबातली वाढ आली १२ व्होल्ट. जागा ३ व्होल्टची आणि वाढ १२ व्होल्टची. माग चालू असताना तुमची सौर वीज कारखान्यातच खपते, त्यामुळे हा प्रश्न डोके वर काढत नाही.

हेच ५ किलोवॅट थ्री-फेज इन्व्हर्टरमधून सोडले तर प्रत्येक फेजमध्ये प्रवाह एकतृतीयांश होतो आणि समतोल असल्यामुळे न्यूट्रलमधून काहीच परतत नाही. वाढ थेट सहापटीने कमी, म्हणजे २ व्होल्ट. थ्री-फेज जोडणी असताना सिंगल-फेज इन्व्हर्टर का बसवला, हे मला कोडेच आहे. बहुधा तो स्वस्त पडला असावा.

मर्यादा वाढवण्याविषयीची तुमची शंका रास्त आहे. तसे केले तर इन्व्हर्टर चालेल, परंतु २५३ च्या वरचा दाब शेजाऱ्यांच्या पंख्यांना आणि दिव्यांनाही मिळेल. लघुदाब ग्राहकाला २३० व्होल्टच्या अधिक-उणे ६ टक्क्यांत, म्हणजे सुमारे २१६ ते २४४ व्होल्टमध्ये वीज मिळणे अपेक्षित असते. सौर यंत्रणा बंद ठेवूनही तुमच्याकडे सुट्टीच्या दुपारी २४४ च्या वर दाब असेल, तर त्याची नोंद जोडून वीज कंपनीकडे लेखी अर्ज करा. रोहित्राच्या उच्चदाब बाजूला दाब पायरीपायरीने बदलणारे टॅप असतात. एक पायरी बदलली की अडीच टक्के, म्हणजे साधारण ६ व्होल्ट उतरतात. मात्र हा टॅप रोहित्र बंद करूनच बदलता येतो, रोज सकाळ-संध्याकाळ फिरवता येत नाही. सगळे माग चालू असताना वाहिनीच्या टोकाच्या ग्राहकाला दाब कमी पडतो का, हे पाहिल्याशिवाय अभियंता त्याला हात लावणार नाही, आणि लावूही नये.

उत्तर : साइनवेव्ह

वरील उत्तराला नियंत्रणाच्या बाजूने थोडी जोड देतो. या विषयावरचे शोधनिबंध वाचायला घेतल्यावर ‘दुर्बळ ग्रिड’ आणि त्यात डगमगणारे फेज-लॉक्ड लूप (इन्व्हर्टरला ग्रिडच्या लयीशी जुळवून ठेवणारे नियंत्रण) यांवर पुष्कळ मजकूर सापडेल, आणि आपला प्रश्न तोच आहे असे वाटेल. तसे नाही. रोहित्राचा अवरोध बाजूला ठेवला, तर ०.५५ ओहमवर तुमच्या जागी शॉर्ट-सर्किट क्षमता (तिथे ग्रिड किती भक्कम आहे याचे माप) सुमारे ९७ केव्हीए येते, म्हणजे ५ किलोवॅटच्या जवळपास १९ पट. हे गुणोत्तर ३ च्या खाली गेले की ग्रिडला दुर्बळ म्हणण्याची पद्धत आहे. तुमचा प्रश्न स्थैर्याचा नसून निव्वळ दाबवाढीचा आहे, आणि तो वेगळ्या उपायांनी सुटतो.

पाठ्यपुस्तकातला पहिला उपाय म्हणजे इन्व्हर्टरने रिॲक्टिव्ह शक्ती (प्रत्यक्ष काम न करता तारेत मागेपुढे फिरणारी, किलोव्हारमध्ये मोजली जाणारी) शोषून घेऊन दाब खाली आणणे. उच्चदाब वाहिन्यांमध्ये रिॲक्टन्स (एसी प्रवाहाला तारेच्या चुंबकीय क्षेत्रामुळे होणारा विरोध) रोधापेक्षा बराच मोठा असतो, म्हणून तिथे हा उपाय उत्तम चालतो. लघुदाब वाहिनीत गणित उलटे आहे : वीझल तारेचा रोध किलोमीटरला ०.९१ ओहम, तर रिॲक्टन्स जेमतेम ०.३ च्या आसपास. पॉवर फॅक्टर ०.९ ठेवून तुम्ही २.४ किलोव्हार शोषून घेतले तरी १२ व्होल्टमधले २ व्होल्टच कमी होतील. शिवाय त्या जादा प्रवाहाचा ताण इन्व्हर्टरवर आणि तारेतल्या हानीवर पडेल, तो वेगळाच.

दुसरा उपाय अधिक कामाचा आहे : दाब वाढत जाईल तशी सक्रिय शक्ती (प्रत्यक्ष वापरात येणारी, किलोवॅटमधली) हळूहळू कमी करत नेणे. आयईईई १५४७ या अमेरिकी मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीत त्यासाठी जी मूलभूत वक्ररेषा दिली आहे, ती नाममात्र दाबाच्या १.०६ पटीला शक्ती उतरवू लागते आणि १.१ पटीपर्यंत ती किमान पातळीला नेते. आपल्या २३० व्होल्टवर ही मूल्ये २४३.८ आणि २५३ येतात. आता ‘रोहित्र’ यांचा २५० व्होल्टचा आकडा आठवा. ही वक्ररेषा जशीच्या तशी उचलली तर सुट्टीच्या दिवशी तुमचा इन्व्हर्टर एक युनिटही बाहेर पाठवण्यापूर्वीच अर्ध्याहून अधिक दाबलेला असेल. वाहिनीच्या टोकाचा ग्राहक रोज वीज गमावील आणि डीपीजवळच्या ग्राहकाला त्याची झळ बरीच कमी लागेल.

तेव्हा नवीन काही उरले आहे का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘हो’ असे आहे. ४३३ व्होल्टच्या रोहित्रावर, सिंगल-फेज आणि थ्री-फेज ग्राहक एकाच वाहिनीवर मिसळलेले असताना, टॅपची जागा आणि ही वक्ररेषा दोन्ही एकत्र कशी ठरवावी, की कोणाचीही वीज अवाजवी प्रमाणात कापली जाणार नाही? तुमच्या वस्तीतला भार मागांच्या पाळ्यांबरोबर एकदम चढतो आणि एकदम उतरतो. निवासी वस्तीवर बेतलेल्या अभ्यासांचे निष्कर्ष तिथे सरळ लागू पडत नाहीत. नुसत्या सिम्युलेशनवर थांबू नका. घरचा कारखाना आहे, मोजमापे घ्या.

उत्तर : लघुशक्ती

तुमच्या मार्गदर्शकांनी सुचवलेला विषयही टाकाऊ नाही, परंतु माग हा त्यातला चुकीचा उगम आहे असे मला वाटते. साधा माग मिनिटाला १५० फेरे धरला तर फणीचा ठोका सेकंदाला अडीच वेळा, म्हणजे २.५ हर्ट्झला बसतो. या वारंवारतेला १ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे त्वरण असेल तर चौकटीची हालचाल सुमारे ४ मिलिमीटर होते. अनुनादावर चालणाऱ्या उपकरणाचा एकूण क्यू (अनुनाद किती तीव्र आहे हे सांगणारा अंक) ५० धरला, तर आतल्या वजनाला त्याच्या ५० पट, म्हणजे २० सेंटिमीटर हलायला जागा लागेल. एवढे मोठे उपकरण कोणी मागावर बसवू देणार नाही. शिवाय पट्टा सरकतो, धागा तुटून माग थांबतो आणि ठोक्यांची वारंवारता एका जागी राहत नाही.

त्याऐवजी मागाच्या मोटारीकडे पाहा. तीत चुंबकीय बलामुळे पुरवठ्याच्या वारंवारतेच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झचे कंपन असते. डीपीची गुणगुण ऐकू येते तीही हीच. तेच १ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण १०० हर्ट्झला असेल तर पृष्ठभाग अडीच मायक्रोमीटर हलतो आणि क्यू ५० ला आतले वजन जेमतेम ०.१३ मिलिमीटर हलते. १० ग्रॅम वजन आणि यांत्रिक क्यू १०० धरून, विद्युत अवमंदन (वीज काढून घेतल्याने कंपनाला होणारा विरोध) यांत्रिक अवमंदनाइतके ठेवले, तर आदर्श स्थितीत सुमारे २०० मायक्रोवॅट मिळतात. रेक्टिफायरमध्ये (एसीचे डीसी करणाऱ्या भागात) निम्मे गेले असे समजले तरी मिनिटाला ६ मिलिज्यूल उरतात, आणि बेअरिंगचे तापमान मोजून ते रेडिओने पाठवण्यास तेवढे पुरे आहेत. मोटारीवर प्रत्यक्ष त्वरण किती आहे ते आधी मोजा, कारण शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.

इथे ग्रिड नियंत्रणाचा संबंध येतो आणि मला तो फार आवडतो. क्यू जितका जास्त तितकी शक्ती जास्त, पण वारंवारता किंचित ढळली की अनुनाद हुकतो. एके काळी आपल्याकडे ४९ ते ५०.५ हर्ट्झ हा पट्टा चालवून घेतला जात असे. दुपटीने तो ९८ ते १०१ होतो आणि त्यात क्यू ३० च्या फार पुढे नेणे व्यर्थ ठरते. आज ग्रिड संहितेतला पट्टा ४९.९० ते ५०.०५ आहे, म्हणजे दुप्पट वारंवारतेवर फक्त ०.३ हर्ट्झ. हे घडण्यात तुमच्या गावाचाही वाटा आहे : ३१ डिसेंबर २०१३ रोजी ७६५ केव्हीच्या रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाशी समकालिक, म्हणजे एकाच वारंवारतेवर, जोडले गेले. जेवढे मोठे ग्रिड तेवढी त्याची वारंवारता सावकाश ढळते.

पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे आव्हान मात्र वेगळ्या जागी आहे. अशा छोट्या चुंबकीय उपकरणाचा दाब काहीशे मिलिव्होल्टच असतो. साधा सिलिकॉन डायोड त्यातले सगळे खाऊन टाकील आणि शॉट्की डायोडही बराच वाटा घेईल. मॉसफेटने केलेले सक्रिय रेक्टिफिकेशन, थंड अवस्थेतून, म्हणजे साठवलेली वीज शून्य असताना, सुरू होण्याची सोय आणि जास्तीत जास्त शक्ती खेचणारा कन्व्हर्टर, हे सारे मिळून स्वतःच काही मायक्रोवॅटपेक्षा जास्त खाऊ नये, हा खरा प्रबंध आहे. सौर घटाचा मोह टाळा. टॉवेलच्या कारखान्यात कापसाचे तंतू त्यावर लगेच बसतील.

मोटारीच्या तारेभोवती दुभंग गाभ्याचा सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) बसवून त्यातून वीज घेणे याहून सोपे आहे. एक अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर सुमारे १.८ ॲम्पिअर घेते. १००० वेढ्यांच्या सीटीतून ३ व्होल्टला जास्तीत जास्त ५ मिलिवॅटच्या आसपास मिळतील, चुंबकन प्रवाह वजा जाता त्याहून कमी. मग कंपने कशाला, हा प्रश्न परीक्षक विचारणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

ताणाबाणा (सोलापूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इन्व्हर्टरचा विषय घ्यावा असे आता ठरत आले आहे. वीजदाब नोंदवणारे उपकरण कंपनांवर चालवता येईल का, म्हणजे मार्गदर्शकांचाही विषय त्यात येईल?

लघुशक्ती

नाही. तुम्हाला नोंद सुट्टीच्या दिवसाची हवी आहे आणि त्याच दिवशी मोटारी बंद असतात. ज्या तारेचा दाब मोजायचा तिच्यावरूनच उपकरण चालवा.

रोहित्र

नोंद घेताना तिन्ही फेजचा न्यूट्रलशी असलेला दाब एकाच वेळी नोंदवा. केवळ इन्व्हर्टरच्या फेजचा नोंदवला तर कारण कळणार नाही. यंत्रणा बंद असतानाही तिन्ही फेज २४५-२५० दाखवत असतील तर कारण रोहित्राकडचे आहे. यंत्रणा सुरू केल्यावर तिची फेज दहा-बारा व्होल्ट चढून बाकीच्या दोन सुमारे तीन-तीन व्होल्ट उतरल्या, तर ती सिंगल-फेज इन्व्हर्टरची आणि न्यूट्रलच्या रोधाची करणी आहे. बाकीच्या दोन फेज याहून पुष्कळ जास्त हलत असतील, तर कुठेतरी न्यूट्रलचा जोड सैल आहे असे समजा, प्रबंध बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी वीज कंपनीला कळवा. सैल न्यूट्रल पूर्ण सुटला तर सिंगल-फेज उपकरणांवर ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. खांबावर किंवा डीपीत स्वतः चढून पाहू नका आणि कारखान्यातल्या वायरमनलाही चढवू नका.