इंग्लिशमधली सायलेंट अक्षरं काढून टाकायला हवीत, तुम्हाला काय वाटतं?

मिहिर: माझं मत स्पष्ट आहे, जे अक्षर बोलायचंच नाही ते लिहायचं कशाला. सरदार अर्थाच्या नाइटमधले के आणि जीएच निदान पूर्वी लोक बोलायचे तरी, जीएच घशातून खरखरीत 'ख' सारखा यायचा, जर्मनमध्ये रात्रीला अजून 'नाख्ट' म्हणतात त्यात तो ऐकू येतो. पण कर्जवाल्या डेटमधला बी? फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा बी नव्हताच, नंतर पंडितांना लॅटिन 'डेबिटम' आठवलं आणि त्यांनी तो मध्ये घुसडला. आयलंडचा तर लॅटिन 'इन्सुला'शी काडीचा संबंध नाही, अस्सल जुना इंग्लिश शब्द, तरी त्याला एस चिकटवला. आणि पोरं आजही घोकतायत!

स्वाती: डेट आणि आयलंड मान्य, पण सगळ्यांना एकाच माळेचे मणी समजू नकोस. साइनमधला जी काढलास तर सिग्नेचरशी नातं कसं कळणार? शेवटचा ई तर स्वतः गप्प राहून मागचा स्वर बदलतो, हॉपला लावला की होप, बिटला लावला की बाइट. तो काढून दाखव.

मिहिर: स्वातीताई, ई राहू दे, तो कामाचा आहे. पण ऑटम्नल, म्हणजे शरद ऋतूतला, हा शब्द किती जण वापरतात, त्याच्यासाठी ऑटमने कायम एन का बाळगायचा?

अण्णा: उच्चाराप्रमाणे लिहा म्हणताय, पण कुणाच्या उच्चाराप्रमाणे? कारमधला आर अमेरिकन माणूस स्पष्ट म्हणतो, लंडनवाला बहुतेक गिळतो. ऑफनमधला टी बोलण्यातून गेला होता, आता स्पेलिंग बघून बरेच जण परत 'ऑफ्टन' म्हणतात, मग तो काढायचा की ठेवायचा? १९०६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी सरकारी छपाईसाठी ३०० शब्दांची सोपी स्पेलिंग वापरायचा हुकूम काढला, तिथली संसद, म्हणजे काँग्रेस, अशी खवळली की त्याच वर्षी माघार घ्यावी लागली.

रेणुका: अण्णा, मराठीत जमलंच ना? घरांत, केलें, नांव असे न बोलले जाणारे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी काढले, काही अडलं का?

अण्णा: मराठीत नियम करायला साहित्य महामंडळ होतं आणि ते लागू करायला सरकार, इंग्लिशला असा कुणी धनी नाही. शिवाय नांवाचा अनुस्वार गेला आणि नाव म्हणजे होडी की नाम, फरकच उरला नाही.

रेणुका: "तुझं नाव काय" विचारल्यावर कुणाला होडी आठवत नाही हो. आणि धनी नसला तरी होतं, अमेरिकन कोशकार वेब्स्टरने १८२८ च्या डिक्शनरीत कलर, ऑनरमधला यू गाळला आणि अमेरिकेत तेच रुळलं, हुकूम लागला नाही. डेट, डाउट, आयलंड एवढ्यांपासून सुरुवात करा, साइनला हात लावू नका.

स्वाती: डाउट नको! डुबियस, म्हणजे संशयास्पद, त्यात बी ठणठणीत ऐकू येतो, ते नातं मला हवंय.