शिआत्सू मसाजला पहिल्यांदाच जाणार आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझी मान तीन महिन्यांपासून आखडली आहे. मागे बघायचं तर अख्खं धड वळवावं लागतं. म्हणून शिआत्सू करून बघणार आहे. जपानीत 'शि' म्हणजे बोट, 'आत्सू' म्हणजे दाब. तेल लावत नाहीत, सैल सुती कपड्यांतच जमिनीवरच्या गादीवर झोपवून अंगठ्याने, तळव्याने, कधी कोपरानेही दाबतात, एवढं कळलंय. पण दाब कितपत दुखतो? दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं का?

खरी काळजी आईची आहे. तिलाही यायचंय, पण तिची हाडं ठिसूळ झालीत, शिवाय रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला नेणार नाहीच. अशा कुणाला तुम्ही नेलं असेल, तर थेरपिस्टला आधी काय काय सांगितलंत, ते प्लीज लिहा.