रस्किनचं चहाचं दुकान

कुणीतरी म्हटलंय की जॉन रस्किन (एकोणिसाव्या शतकातला इंग्रज लेखक आणि कलासमीक्षक) म्हणजे शेरी ही वाइन विकणाऱ्या श्रीमंत बापाचा पोरगा, गरिबांवर आरामखुर्चीतून लिहिणारा. पहिला अर्धा भाग बरोबर. दुसरा मात्र पटत नाही. ऑक्सफर्डजवळच्या हिंक्सी गावच्या रस्त्याचं सगळ्यांना ठाऊक असतं (१८७४, रस्किनच्या सांगण्यावरून ऑक्सफर्डची पोरं फावडी घेऊन रस्ता बांधायला गेली, त्यात पुढे प्रसिद्ध लेखक झालेला ऑस्कर वाइल्डही. रस्ता वाईटच झाला, ते रस्किननं स्वतः कबूल केलं). पण त्याच वर्षी त्यानं लंडनमध्ये पॅडिंग्टन स्ट्रीटवर चहाचं दुकान काढलं, त्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही.

गरीब माणूस चहा घेणार चिमूटभर, आणि पुडी जितकी लहान तितका भाव चढा. रस्किनचं म्हणणं, भेसळ नसलेला चहा हवा तेवढ्या लहान पुडीत द्यायचा आणि पुडी बांधल्याबद्दल वरचा नफा घ्यायचा नाही. गल्ल्यावर आईच्या दोन जुन्या मोलकरणी बसवल्या. पाटी कशी रंगवायची यावर मात्र स्वारी बराच काळ अडून बसली, शेवटी सौंदर्यसमीक्षकच तो! दुकान काही चाललं नाही. लोकांना लखलखते दिवे आणि मोठमोठ्या अक्षरांतले भाव लागतात, अशी तक्रार त्यानंच लिहून ठेवली आहे.

आमच्या आजोबांचं किराणा दुकान होतं, सुट्या पुड्यांवरच त्यांचं घर चालायचं. त्यांना ही कल्पना सांगितली असती तर आधी हसले असते, मग विचारलं असतं, "दोऱ्याचे पैसे कोण देणार?"