करिअर कॉलेजातली गळती: ॲडमिशन फुल होतात पण बॅच शेवटपर्यंत टिकत नाही, काय करावं?

बॅच_सांभाळणारा

नमस्कार मंडळी. एका करिअर कॉलेजात अकॅडमिक बाजू बघतो, म्हणजे थेट नोकरीला लावणारे कोर्स, मेडिकल असिस्टंट, अकाउंटिंग, नेटवर्किंग, इलेक्ट्रिकल असले. ॲडमिशनचं टेन्शन नाही, बॅच भरतात, पण कोर्स संपत येतो तेव्हा वर्गात बघावं तर बरीच बाकं रिकामी. आता मॅनेजमेंटला "रिटेन्शन प्लॅन" हवाय, म्हणजे विद्यार्थी टिकवायचा आराखडा.

आतापर्यंत वेलकम प्रोग्राम मोठा करून झाला, चांगल्या हजेरीला सर्टिफिकेट देऊन झालं, मोटिव्हेशनल स्पीकर पण आणला (टाळ्या भरपूर पडल्या, पुढच्या आठवड्यात परत तेच). जाणाऱ्यांकडून फॉर्म भरून घेतो तर त्यात जवळपास सगळे "वैयक्तिक कारण" लिहून मोकळे, त्यातून काय कळणार कपाळ.

आमच्याकडे बारावी होऊन आलेली मुलं आहेत तशा चाळिशीतल्या, घर सांभाळून येणाऱ्या बायका पण आहेत, आणि बरेच जण दिवसा नोकरी करून संध्याकाळच्या बॅचला येतात. सगळ्यांना एकच उपाय चालेल असं वाटत नाही. सुरुवात कुठून करू?

खडूवाले_मास्तर

सर, आधी कोण गेलं ते राहू द्या, कधी गेलं ते बघा. हजेरीपट घ्या आणि प्रत्येक बॅचचा वेगळा तक्ता करा, आठवडा पहिला किती, दुसरा किती, असं शेवटपर्यंत. सगळ्या बॅच एकत्र करून वर्षाची टक्केवारी काढली की सगळं झाकलं जातं. आणि ॲडमिशन घेऊन एकदाही वर्गात न आलेले वेगळे काढा, ते गळतीत धरू नका, त्यांचा उपाय वेगळा.

मी बरीच वर्षं शिकवतोय, माझा अनुभव असा की माणसं दोन ठिकाणी तुटतात. एक म्हणजे पहिले तीन-चार आठवडे, आणि दुसरं जिथे पहिला अवघड विषय येतो तिथे. मेडिकलवाल्यांना ॲनाटॉमी, इलेक्ट्रिकलवाल्यांना गणित. आणि आपण काय करतो, सगळी थिअरी पुढे आणि प्रॅक्टिकल मागे! जो माणूस हाताने काम शिकायला आलाय, ज्याला शाळेत पुस्तकाने आधीच छळलंय, त्याला पहिला महिनाभर परत पुस्तकच दिलं तर तो म्हणणारच की हे आपल्याला जमणारं नाही. पहिल्याच आठवड्यात ब्लड प्रेशर मोजायला द्या, वायरिंगचा बोर्ड जोडायला द्या, केबलला कनेक्टर लावायला द्या. थिअरी काढू नका, फक्त तिला प्रॅक्टिकलच्या बरोबरीने चालवा. एक साधी चाचणी पण दुसऱ्या आठवड्यातच घ्या, मार्कांसाठी नाही, कोण मागे पडतोय ते आपल्याला कळावं म्हणून. मिडटर्मला कळून काय उपयोग, तोवर तो मनाने गेलेला असतो.

कौन्सेलर_ताई

मास्तरांचं पटतं, पण अर्धंच. मी ॲडमिशन डेस्कला काम केलंय आणि स्पष्ट सांगते, बरीच गळती वर्गात पाय ठेवायच्या आधीच ठरलेली असते. काउन्सेलरला महिन्याचं टार्गेट असतं, त्यामुळे समोरचा "संध्याकाळी जमेल ना?" विचारतो आणि आपण "हो हो आरामात" म्हणतो. घरी अभ्यास किती लागतो ते कोणी सांगत नाही, इंटर्नशिप दिवसाच्या वेळेत असते ते तर मुद्दाम शेवटी सांगतात. मग नोकरी करणारा माणूस तिथे पोचल्यावर अडकतो आणि सोडतो, आणि ठपका येतो शिकवणाऱ्यांवर.

म्हणून ॲडमिशनच्या वेळीच समोर बसवून आठवड्याचं टाइमटेबल कागदावर लिहून घ्या. येण्याजाण्याचा वेळ, मुलांना कोण बघणार, शिफ्ट बदलली तर काय, सगळं. एक दिवस चालू वर्गात बसू द्या. काहीजण तिथूनच परत जातील, जाऊ देत की. आणि काउन्सेलरचं टार्गेट नुसत्या ॲडमिशनवर ठेवू नका, पहिला महिना किंवा पहिलं मॉड्यूल टिकलेल्या विद्यार्थ्यांवर ठेवा, मग बघा बोलण्याची भाषा कशी बदलते. (मॅनेजमेंटला हे आवडणार नाही, पण प्लॅन त्यांनीच मागितलाय ना.)

आकडेमोड_७७

दोघांचं वाचलं. यावर चांगला अभ्यास झालेला आहे, उगाच अंदाज कशाला. व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकन अभ्यासकाने १९७५ मध्ये मांडलेली थिअरी या विषयात अजून सगळीकडे येते, मुद्दा ढोबळपणे असा की विद्यार्थी अभ्यासात आणि तिथल्या माणसांत किती मिसळला यावर तो टिकणार का जाणार हे बरंचसं ठरतं. पण ती मुख्यतः पूर्णवेळ कॉलेजात येणाऱ्या तरुण मुलांना धरून होती, नोकरी-संसारवाल्यांना तशीच लागू करता येत नाही, कारण त्यांचं जग कॉलेजच्या बाहेर असतं.

तुमच्या जास्त कामाचं उदाहरण न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचं, तिथे २००७ मध्ये एएसएपी नावाचा प्रोग्राम सुरू झाला, कम्युनिटी कॉलेजच्या (दोन वर्षांची पदवी देणारी सरकारी कॉलेजं) मुलांसाठी. त्यात वेगळा सल्लागार, शिकवणी, पुस्तकांना मदत, बस-रेल्वेचा पास, आर्थिक मदत मिळूनही ट्यूशन फीमध्ये राहिलेली तूट भरून देणं, हे सगळं एकत्र, आणि बदल्यात पूर्णवेळ शिकायचं आणि सल्लागाराला नियमित भेटायचं ही अट. एमडीआरसी या संस्थेने चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून तपासलं तर तीन वर्षांत पदवी घेणारे साधारण ४० टक्के, प्रोग्राम न मिळालेल्या गटात २२ टक्के. नंतर अमेरिकेतल्याच ओहायो राज्यातल्या तीन कॉलेजांत तसंच केलं तिथेही मोठा फरक दिसला.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सल्लागाराच्या वाट्याला किती विद्यार्थी हे. अभ्यास झाला तेव्हा एएसएपीमध्ये एकाकडे ६० ते ८० होते, आणि त्याच कॉलेजांत बाकीच्या विद्यार्थ्यांसाठी एका सल्लागारामागे ६०० ते १५००. दीड हजार जणांमध्ये कोण चार दिवस आलं नाही हे कुणाला कळणार! खर्च वाढतो हे खरं, दर विद्यार्थ्यामागे खर्च जास्तच होता, पण पूर्ण करणारे इतके वाढले की दर पदवीमागे धरला तर खर्च उलट कमी पडला. मॅनेजमेंटपुढे हाच हिशोब ठेवा, माया-ममतेच्या गोष्टी करू नका.

नाइटशिफ्टवाला

मी तुमच्यासारख्याच एका कॉलेजातून नेटवर्किंगचा कोर्स केलाय, मधे जवळपास सोडलाच होता, म्हणून विद्यार्थ्याच्या बाजूने लिहितो. कामावर शिफ्ट बदलली आणि सलग काही दिवस बुडाले. कॉलेजातून फोन यायचे पण तो नंबर फीवाल्यांचा होता, आणि त्या महिन्याचा हप्ता राहिलेला, त्यामुळे मी उचलायचोच नाही. नंतर कळलं की त्यातले काही फोन हजेरीबद्दल होते. म्हणजे जो मदतीला फोन करतोय आणि जो पैशाला फोन करतोय दोघांचा नंबर एकच, कोण उचलेल सांगा?

आणि परत यायची लाज वाटते हो. लॅबची दोन प्रॅक्टिकल चुकली, पुढचं सगळं त्याच्यावर, वर्गात गेलो तर काही कळणार नाही, त्यापेक्षा नकोच. शेवटी सरांनी स्वतः मेसेज केला की शनिवारी लॅब उघडी असते, ये, बुडालेलं करून टाकू. एवढंच. भाषण नाही, "भविष्याचा विचार कर" नाही. त्यामुळे बुडालेलं प्रॅक्टिकल कधी आणि कसं भरून काढायचं हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, म्हणजे माणसाला परत यायला वाट राहते.

बॅच_सांभाळणारा

सगळ्यांचे आभार, खरंच. हजेरीपट काढून बसलो आणि मास्तर म्हणाले तसंच दिसतंय, सकाळची बॅच बऱ्यापैकी टिकते, संध्याकाळची दुसऱ्या महिन्यात एकदम खाली येते, आणि त्यातल्या एका कोर्सला नेमके तेव्हाच शिकवणारे बदलले होते. फीचा नंबर आमच्याकडे पण तोच आहे, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं, तो तर लगेच वेगळा करतो.

आता दोन प्रश्न. फोन कोणी करायचा, शिकवणाऱ्याने की ऑफिसने? शिकवणारे म्हणतात आमचं काम नाही. आणि पैशामुळेच जाणाऱ्यांचं काय करायचं?

खडूवाले_मास्तर

पहिली गैरहजेरी असेल तर शिकवणाऱ्याने त्याच दिवशी मेसेज करायचा, दोन ओळी, "आज दिसला नाहीत, हे शिकवलं, पुढच्या तासाला हे आणा". याला पाच मिनिटं लागतात, पण ती पाच मिनिटं त्यांच्या पगारात धरा, तासावर पैसे घेणाऱ्याने फुकट का करावं? लागोपाठ दोन-तीन बुडाले की मग ऑफिसातल्या एकाच ठरलेल्या माणसाने फोन, आणि तो माणूस वसुलीवाला नसावा. फोनवर "का आला नाहीत" विचारू नका, "कधी येताय" विचारा. आणि संध्याकाळच्या बॅचला मधेच शिक्षक बदलायचाच असेल तर आठवडाभर दोघं एकत्र वर्गात असू देत.

आकडेमोड_७७

पैशाचं: अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीने २०११ पासून असं केलं की थोड्याशा बाकीमुळे ज्यांचं नाव कमी होणार होतं त्यांची ती छोटी बाकी कॉलेजनेच भरली. छोट्या रकमेसाठी विद्यार्थी घालवला तर त्याची पुढची सगळी फी पण जाते. तुमच्याकडे किती जण अशा किरकोळ बाकीवर अडकलेत ते अकाउंट्सकडून काढा, मग ठरवा.

कौन्सेलर_ताई

एक राहिलं. ज्याला आत्ता खरंच जमणार नाही त्याला जबरदस्तीने पटावर ठेवू नका आणि हजेरीही "ॲडजस्ट" करू नका, एकदा ती सवय लागली की तुमचा तो तक्ता खोटा झाला. त्याला रीतसर रजा द्या, कोणत्या बॅचला कोणत्या मॉड्यूलपासून परत बसायचं ते तारखेसकट लिहून द्या, आणि त्या तारखेच्या दोन आठवडे आधी आपणहून फोन करा. आमच्याकडे रजेचा फॉर्म होता, परत यायचा नव्हता.