हंगामापुरते पाणी आणि कायमचा हक्क
पाण्याचा हक्क विकता आला की शेतकरी पाणी आपोआप जपून वापरेल, हे मत मला अर्धेच पटते. ऑस्ट्रेलियातील मरे-डार्लिंग खोऱ्यात १९९४ च्या सुधारणांनंतर हा हक्क जमिनीपासून वेगळा होत गेला, म्हणजे जमीन न विकताही तो विकता येऊ लागला, आणि तेथे दुष्काळात भात घेणारा शेतकरी हंगामापुरते पाणी फळबागायतदाराला विकून वर्ष निभावू शकतो. हक्कच कायमचा विकण्याला मात्र विरोध होतो, कारण विकणारे वाढले की कालव्याच्या देखभालीचा भार उरलेल्यांवर पडतो. शिवाय ठिबकने ‘वाचलेले’ पाणी पूर्वी पाझरून खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीत पोहोचत असेल, तर विक्रीयोग्य पाणी ठरवताना तेवढे वजा करावेच लागेल.